घाम खरं बोलतो का?

समोरून मेसेज येतो : ‘ठीक आहे.’ पूर्णविरामासकट.

आता हे ‘ठीक आहे’ म्हणजे खरंच ठीक आहे, की ‘तुला काय करायचं ते कर’ आहे, की ‘विषय संपला’ आहे? मेसेज वाचणारा लगेच गुप्तहेर होतो. एरवी ‘ठीके’ लिहिणाऱ्या माणसानं आज अख्खा शब्द का लिहिला? इमोजी का नाही? दोन मिनिटं ‘टायपिंग…’ दिसत होतं, मग आलं एवढंच? मधे काहीतरी लिहून खोडलं का? समोरासमोर असतो तर एका नजरेत कळलं असतं, इथे मात्र दोन शब्द, एक टिंब आणि रात्रभराचा विचार.

या दुखण्यावर टोकियोतल्या संशोधकांनी २००४ साली एक उपाय मांडला. हुआ वांग, हेल्मुट प्रेंडिंगर आणि ताकेओ इगाराशी या तिघांनी एक चॅट प्रणाली तयार केली आणि त्याच वर्षी व्हिएन्नात भरलेल्या, माणूस आणि संगणक यांच्या संवादाला वाहिलेल्या ‘सीएचआय’ या परिषदेत तिच्यावरचा निबंध सादर केला. चॅट करणाऱ्याच्या बोटांना सेन्सर लावलेले असत. ते त्वचेवरच्या सूक्ष्म घामाचा माग काढत, आणि त्या मोजमापाचा परिणाम समोरच्याच्या पडद्यावरच्या अक्षरांवर दिसे. अक्षरं नुसती उमटत नसत, हलत. शब्दांवर भरवसा नाही ना? मग बोटांना विचारा.

स्मार्टफोन घराघरांत पोचायच्या आधीची ही गोष्ट. पण शरीराकडून मनाचा पत्ता काढायची युक्ती त्याहून फार जुनी आहे. तिचा इतिहास दोन हजार वर्षांच्या आसपासचा आहे, आणि तो वाचताना एक प्रश्न पुन्हापुन्हा समोर येतो : नाडी कोणाची, आणि नाडीवरचं बोट कोणाचं?

नर्तकाचं नाव आणि एक नाडी

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन नावाचा वैद्य होता. युरोपातलं आणि अरब जगातलं वैद्यक पुढे हजारेक वर्षं ज्याच्या ग्रंथांवर चाललं, तोच हा. त्यानं आपल्या एका ग्रंथात जस्टस नावाच्या गृहस्थाच्या बायकोची हकीकत लिहून ठेवली आहे. तिला झोप येत नव्हती. ताप नाही, दुखणं नाही. काय होतंय विचारलं तर ती उत्तर देईना, कूस बदलून तोंडावर पांघरूण ओढून घेई. गॅलेनच्या लक्षात आलं की दुखणं शरीराचं नसावं. ही बाई काहीतरी लपवते आहे.

एके दिवशी तो तिला तपासत असताना कोणीतरी बाहेरून आलं आणि सहज म्हणालं की नाट्यगृहात पायलेडीस नाचताना पाहिला. बाईच्या चेहऱ्याचा रंग बदलला. गॅलेननं चटकन मनगट धरलं. नाडी बिघडली होती.

खरी गंमत पुढे आहे. एवढ्यावरून निष्कर्ष काढायला गॅलेन तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम एकाला खोलीत यायला आणि मॉर्फस नावाच्या दुसऱ्याच नर्तकाचं नाव घ्यायला सांगितलं. नाडी शांत. तिसऱ्या दिवशी आणखी एक नाव. नाडी शांतच. चौथ्या दिवशी पुन्हा पायलेडीस, आणि नाडी पुन्हा विस्कटली. आजच्या प्रयोगशाळेत ज्याला ‘कंट्रोल’ म्हणतात तो प्रकार त्यानं अठराशे वर्षांपूर्वी एका घरात, एका पलंगाशेजारी करून दाखवला.

पुढे अकराव्या शतकात इब्न सिनानं आपल्या वैद्यकग्रंथात याच युक्तीची पद्धत बसवून दिली. प्रेमानं आजारी पडलेल्या माणसाची नाडी धरून बसायचं, एकेक नाव, गल्ली, मोहल्ला उच्चारत जायचं आणि नाडी कुठे अडखळते ते पाहायचं. म्हणजे माणूस तोंडानं ‘ठीक आहे’ म्हणत राहिला तरी मनगटावरून पत्ता लागणार.

हुशारीला दाद द्यावीच लागते. तरी त्या बाईच्या जागी क्षणभर बसून पाहा. तिनं काही सांगितलेलं नव्हतं. सांगायचं नव्हतं म्हणूनच ती तोंडावर पांघरूण ओढत होती. तिचं गुपित तिच्याच मनगटानं एका परक्या पुरुषाला दिलं, आणि त्यानं ते ग्रंथात लिहिलं. आज तिचं नावही आपल्याला माहीत नाही. ‘जस्टसची बायको’, एवढीच तिची ओळख उरली.

भरतमुनींची यादी

आपल्याकडे हाच विषय वैद्यांच्या आधी नटांनी हाती घेतलेला दिसतो. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. जागच्या जागी थिजणं, घाम, अंगावर काटा, आवाज फुटणं, थरथर, रंग उतरणं, डोळ्यांत पाणी आणि शुद्ध हरपणं. पुढे ही यादी रंगमंचावरून भक्तीत आली. कीर्तनाला बसलेल्या माणसाचे ‘अष्टसात्त्विक भाव दाटून आले’ हे आपण आजही म्हणतो, कधी भक्तिभावानं तर कधी खवचटपणे. गीतेच्या पहिल्या अध्यायातला अर्जुनही आपलं दुःख सांगताना आधी शरीराचाच अहवाल देतो : तोंडाला कोरड, अंगाला कंप, अंगावर काटा, हातातून निसटणारं गांडीव.

आजच्या एखाद्या प्रयोगशाळेची यंत्रांची यादी शेजारी ठेवली तर साम्य पाहून हसू येतं. स्वेदासाठी त्वचेची वाहकता मोजणारा सेन्सर, स्वरभंगासाठी आवाजाचं विश्लेषण, वैवर्ण्यासाठी कॅमेरा, वेपथूसाठी हालचाल टिपणारी चिप.

पण यादीपेक्षा त्यापुढचं विवेचन मोलाचं आहे. घाम कशानं येतो? भरताचं उत्तर लांबलचक आहे. राग, भीती, आनंद, लाज, दुःख यांनी येतो, आणि श्रम, आजार, उन्हाचा ताप यांनीही येतो. म्हणजे खूण एकच, कारणं डझनभर. नट नुसता घामाघूम झाला म्हणून प्रेक्षकाला काही कळत नाही. प्रसंग कोणता, समोर कोण आहे, आधी काय घडलं, हे सगळं मिळून घामाला अर्थ येतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. विसाव्या शतकातल्या बऱ्याच हुशार माणसांना ती फार महागात पडून शिकावी लागली.

घामाला आकडा मिळतो

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यंत्रं आली. पॅरिसमध्ये शार्ल फेरे हा डॉक्टर ‘हिस्टेरिया’चं निदान झालेल्या स्त्रियांवर प्रयोग करत होता. १८८८ साली त्यानं नोंदवलं की शरीरातून अगदी क्षीण वीजप्रवाह जाऊ दिला आणि त्याच वेळी रुग्णाला काही दाखवलं, ऐकवलं किंवा वास दिला, तर त्वचेचा विजेला होणारा विरोध बदलतो. दोन वर्षांनी रशियातल्या इव्हान तारखानोव्हनं दाखवलं की बाहेरून वीज न सोडताही त्वचेवरच्या विद्युतदाबातला फरक टिपता येतो.

यामागची यंत्रणा अशी. आपल्या तळहातांवर आणि तळपायांवर घामाच्या ग्रंथी दाटीवाटीनं आहेत. त्यांचा ताबा सहानुकंपी चेतासंस्थेकडे असतो. संकट आलं की शरीराला ‘पळ किंवा लढ’ म्हणून सज्ज करणारी हीच ती यंत्रणा. ती जरा जागी झाली की या ग्रंथींत खारट पाणी चढतं. डोळ्याला घाम दिसायच्या आधीच त्वचेतून वीज थोडी सहज वाहू लागते. कारण घडल्यापासून साधारण एक ते तीन सेकंदांत आलेख वर चढतो आणि सावकाश खाली उतरतो. ठरवून तो दाबून ठेवणं फार कठीण.

झुरिकच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयात कार्ल युंगनं या आलेखाला शब्दांची जोड दिली. तो एकेक शब्द उच्चारायचा, समोरच्यानं मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा. कुठे उशीर लागतो हे तो आधीपासून पाहतच होता. आता शेजारी गॅल्व्हानोमीटर आला. १९०७ साली फ्रेडरिक पीटरसनबरोबर त्यानं या प्रयोगांवर निबंध छापला. एखादा साधासा शब्द आला की सुई उडी मारायची, आणि त्या शब्दामागे काहीतरी गाडलेलं असायचं. इब्न सिनाच्या गल्ल्या-मोहल्ल्यांची जागा शंभर शब्दांच्या यादीनं घेतली आणि बोटांची जागा सुईनं.

युंगची सुई फार तर इतकंच सांगायची की ‘इथे काहीतरी आहे’. काय आहे, ते समोरच्याशी बोलूनच काढावं लागायचं. या दोन वाक्यांतलं अंतर ज्यांनी मिटवायचा प्रयत्न केला त्यांच्या हातून पुढचं सगळं घडलं.

सुई साक्षीदार होते

हार्वर्डमध्ये शिकत असताना, १९१५ च्या सुमारास, विल्यम मार्स्टननं खोटं बोलताना रक्तदाब वाढतो का याचे प्रयोग सुरू केले. १९२१ साली कॅलिफोर्नियात बर्कलीच्या पोलीस खात्यातल्या जॉन लार्सननं रक्तदाब आणि श्वास यांची सलग नोंद घेणारं यंत्र बनवलं. हाच पॉलिग्राफ. पुढे लिओनार्ड कीलरनं त्यात त्वचेची वाहकताही जोडली. मार्स्टनची दुसरी ओळख तुम्हाला जास्त जवळची असेल. १९४१ साली अवतरलेली ‘वंडर वुमन’ त्याची. तिच्या दोरखंडात सापडलेल्या माणसाला खरंच बोलावं लागतं हा निव्वळ योगायोग नव्हे.

कॉमिकमध्ये जे जमलं ते कोर्टात जमेना. वॉशिंग्टनमध्ये खुनाचा आरोप असलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाच्या खटल्यात, तो निर्दोष आहे हे दाखवण्यासाठी मार्स्टनची चाचणी पुढे करण्यात आली. १९२३ साली अपील न्यायालयानं ती नाकारली. ज्या शास्त्राचा आधार घेता, त्या क्षेत्रात हे तंत्र सर्वसाधारणपणे मान्य झालेलं असलं पाहिजे, अशी कसोटी त्या निकालानं घालून दिली. तरीही यंत्र पसरलं. पोलिसांकडून ते कारखान्यांत आणि दुकानांत गेलं. नोकरीवर घेताना, गल्ल्यात पैसे कमी पडले की, नोकरांना खुर्चीवर बसवून पट्टे बांधायची पद्धतच पडली. १९८८ मध्ये अमेरिकेला कायदा करून बहुतेक खासगी मालकांना यापासून रोखावं लागलं. आपल्या यंत्राचं जे झालं ते पाहून लार्सन उत्तरायुष्यात त्याच्यावर कडाडून टीका करू लागला होता.

या गोष्टीचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं खुनाच्या खटल्यात एका तरुणीला दोषी ठरवून जन्मठेप दिली. पुराव्यांमध्ये तिच्या मेंदूच्या चाचणीचा अहवाल होता. या चाचणीत डोक्याला इलेक्ट्रोड लावतात, गुन्ह्याविषयीची वाक्यं ऐकवतात आणि त्या घटनेची ‘अनुभवलेली’ आठवण मेंदूत आहे का हे सॉफ्टवेअर ठरवतं. माणसानं तोंड उघडायचीही गरज नाही. जगभरच्या मेंदूतज्ज्ञांच्या भुवया उंचावल्या. पुढे मुंबई उच्च न्यायालयानं तिला जामीन दिला.

मग ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची चाचणी कोणावरही त्याच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणाला भाग पाडू नये हा राज्यघटनेच्या कलम २०(३) मधला अधिकार शब्दांपुरता मर्यादित नाही. घाम, नाडी आणि मेंदूतल्या लहरी यांतून काढून घेतलेलं उत्तर हीसुद्धा एक प्रकारची साक्षच आहे. आपल्या मनात काय आहे ते सांगायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. गॅलेनच्या त्या रुग्ण बाईला हा निकाल आवडला असता.

आकडा आणि अर्थ

वकील भांडत होते तेव्हा मानसशास्त्रज्ञांचंही भांडण चालू होतं. १८८४ साली विल्यम जेम्सनं मांडलं होतं की आपण घाबरतो म्हणून थरथरत नाही, शरीर थरथरतं आणि त्या थरथरीची जाणीव हीच भीती. हे खरं असेल तर प्रत्येक भावनेचा शरीरावर वेगळा ठसा हवा. १९२७ साली वॉल्टर कॅननननं यावर हल्ला चढवला. राग, भीती, नुसता ताप किंवा थंडी यांत शरीरातले बदल बरेचसे सारखेच असतात, आणि ते इतके सावकाश होतात की भावनेचं मूळ त्यांच्यात असणं अवघड आहे, असं त्याचं म्हणणं. भरताची यादी इथे पुन्हा आठवावी.

१९६२ मध्ये स्टॅन्ली शॅक्टर आणि जेरोम सिंगर यांनी स्वयंसेवकांना ‘हे व्हिटॅमिन आहे’ असं सांगून ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं. काहींना परिणाम आधी सांगितले, काहींना नाही. मग त्यांच्या शेजारी एक ठरवून बसवलेला माणूस कधी खिदळू लागला, कधी चिडचिड करू लागला. छातीतली धडधड कशामुळे हे ज्यांना माहीत नव्हतं ते शेजाऱ्याचा रंग जास्त उचलतात, असा दोघांचा निष्कर्ष. नंतरच्या प्रयोगांत तो तितका ठळकपणे हाती लागला नाही, पण एक विचार टिकला. धडधड किती आहे हे शरीर सांगतं. ती कशाची आहे हे आपण आजूबाजूला बघून ठरवतो.

या क्षेत्रात आज दोन अक्ष वापरतात : उत्तेजना किती, आणि ती सुखाची की दुःखाची. तळहाताचा घाम पहिल्याविषयी बरंच सांगतो. दुसऱ्याविषयी जवळपास काहीच नाही. क्रश ऑनलाइन आल्यावर आणि बॉसचा ‘कॉल मी’ आल्यावर आलेख सारखाच वर जातो.

काचेपलीकडे

लिहिलेल्या शब्दाला भाव चिकटवायची गरज चॅटच्या आधीपासून आहे. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला लावलेलं हळदकुंकू मजकूर वाचायच्या आधीच सांगतं की बातमी आनंदाची आहे. आपल्या तारखात्यात शुभेच्छांचे ठरावीक मजकूर आकड्यांनी पाठवता येत. फक्त क्रमांक द्यायचा, पलीकडे अख्खं वाक्य उमटायचं.

संगणकावर ही गरज एका विनोदामुळे उघडी पडली. १९८२ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या चर्चेत कोणीतरी गमतीत लिहिलं की भौतिकशास्त्राच्या प्रयोगामुळे लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींनी ते खरंच मानलं. १९ सप्टेंबरला प्राध्यापक स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोदापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस टाकावा, म्हणजे मान वाकडी केली की हसरा चेहरा दिसेल. १९९९ मध्ये जपानच्या डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चित्रं काढली, प्रत्येक चित्र १२ गुणिले १२ ठिपक्यांचं. त्याच्याही दोन वर्षं आधी जपानमधल्या दुसऱ्या एका कंपनीच्या फोनवर अशी चित्रं आली होती. २०१० मध्ये युनिकोडनं इमोजींना जागतिक प्रमाण दिलं आणि ती सगळ्यांच्या कीबोर्डवर आली.

इमोजीची खुबी अशी की तो आपण निवडतो. डोळ्यांत पाणी असताना हसणारा चेहरा पाठवता येतो. तंत्रज्ञांना नेमकं हेच खुपत होतं.

एमआयटीच्या रोझलिंड पिकार्ड यांनी १९९७ साली ‘अफेक्टिव्ह कम्प्युटिंग’ हे पुस्तक लिहिलं आणि संगणकानं भावना ओळखाव्यात या कल्पनेला शास्त्राची शाखा बनवलं. त्यांच्या प्रयोगशाळेत असा हातमोजा तयार झाला, ज्याच्यावरचा दिवा घालणाऱ्याच्या तळहाताच्या घामानुसार उजळायचा. २००२ मध्ये एमआयटीतच ‘कंडक्टिव्ह चॅट’ आला. त्यात त्वचेच्या वाहकतेनुसार चॅटमधल्या अक्षरांचं रूप बदलायचं. स्वीडनमध्ये ‘ईमोटो’ नावाचा प्रयोग झाला. त्यात फोनची लेखणी किती जोरात दाबता, कशी हलवता यावरून मेसेजमागचे रंग ठरायचे. आणि २००४ मध्ये टोकियो.

टोकियोच्या प्रयोगातला एक बारकावा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सेन्सरवरून त्यांनी फक्त उत्तेजना किती हेच घेतलं. भावना कोणती, हसू की राग, हे वापरणाऱ्यानंच खुणेनं निवडायचं ठेवलं. म्हणजे घाम आवाजाची पट्टी ठरवणार, गाणं माणूस निवडणार. यंत्राची मर्यादा त्यांनी लपवली नाही, तिच्याभोवतीच यंत्र बांधलं.

आणि त्याहून मोठा बदल नात्यात होता. आतापर्यंतची जोडी आठवा. वैद्य आणि रुग्ण, डॉक्टर आणि मनोरुग्णालयातली बाई, पोलीस आणि आरोपी, मालक आणि नोकर. नाडी कायम खालच्याची, बोट कायम वरच्याचं. चॅटमध्ये पहिल्यांदा दोघं बरोबरीचे होते. दोघांनी आपखुशीनं सेन्सर लावला होता आणि दोघं एकमेकांना वाचणार होते. दोन हजार वर्षांत हे नवीन होतं.

ही परंपरा पुढेही चालली. २०१५ मध्ये ॲपलच्या घड्याळातून पडद्यावर दोन बोटं ठेवून आपल्या हृदयाचे ठोके दुसऱ्याच्या मनगटावर पाठवता येऊ लागले. २०१७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ‘हार्टचॅट’ मांडलं. त्यात फोनवरच्या गप्पांत समोरच्याच्या हृदयाची गती दिसायची. २०२१ मध्ये अमेरिकेत ‘सिग्निफिकंट ऑटर’ नावाचं घड्याळातलं ॲप जोडप्यांना वापरायला दिलं गेलं. ठोक्यांवरून ॲप पाणमांजराची काही चित्रं सुचवी. आपण उत्साहात आहोत, चिडलोय की नुसते जिने चढून आलोय, हे त्यांतलं चित्र निवडून माणूस ठरवी, आणि मगच ते जाई. न पाठवण्याची मुभा होतीच. टोकियोचंच सूत्र, नव्या मनगटावर.

आता बोट कोणाचं?

पिकार्ड यांच्याच आयुष्यातला एक प्रसंग इथे सांगायला हवा, कारण तो त्यांनी स्वतः अनेक व्याख्यानांत सांगितला आहे. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं घाम मोजणारे दोन पट्टे सुट्टीसाठी घरी नेले. त्याच्या लहान भावाला ऑटिझम होता, बोलता येत नव्हतं. त्याला ताण कधी येतो ते पाहायचं होतं. नंतर नोंदी तपासताना पिकार्ड यांना दिसलं की एका मनगटावरचा आलेख अचानक प्रचंड चढला आहे आणि दुसऱ्यावर काहीच नाही. सेन्सर बिघडला असं वाटून त्यांनी खूप खटाटोप केला. शेवटी विद्यार्थ्याला फोन केला. त्यानं आपली डायरी पाहिली. त्या वेळेनंतर थोड्याच वेळात भावाला अपस्माराचा झटका आला होता. यातून झटक्याची सूचना देणारं मनगटी उपकरण घडलं आणि २०१८ मध्ये त्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची परवानगी मिळाली.

घामाच्या मोजमापानं माणसाचा जीव वाचू शकतो, हा या गोष्टीचा आनंदाचा भाग. दुसरा भाग असा की या शास्त्राचा पाया घालणाऱ्या व्यक्तीलासुद्धा तो आलेख पाहून अर्थ लागला नाही. अर्थ एका भावाच्या डायरीत होता.

मग जिथे डायरी नाही आणि फोन करून विचारणारंही कोणी नाही, तिथे काय? २०२० मध्ये ॲमेझॉननं ‘हेलो’ नावाचा पट्टा आणला. दिवसभर आवाज ऐकून तुमचा सूर कसा वाटतो ते तो सांगायचा. २०२३ मध्ये कंपनीनं तो गुंडाळला, पण मनगटावर घाम, ठोके, झोप मोजणारी घड्याळं आता कॉलेजच्या पोरांकडेही असतात. या नोंदी पाठवणाऱ्याच्या आणि मित्राच्या मधे थांबत नाहीत, कंपनीच्या सर्व्हरवर जातात. म्हणजे बरोबरीची जोडी पुन्हा मोडते. नाडी तुमची, बोट अशा कोणाचं तरी, ज्याचा चेहरा तुम्हाला दिसत नाही.

युरोपीय संघानं २०२४ मध्ये केलेल्या एआय कायद्यात, कामाच्या जागी आणि शिक्षणसंस्थांत शरीराच्या खुणांवरून भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळली. २ फेब्रुवारी २०२५ पासून ती लागू झाली. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. पण त्यात ‘संवेदनशील माहिती’ असा वेगळा कप्पा नाही. कायद्याच्या लेखी तुमच्या तळहाताचा घाम आणि तुमचा ई-मेल पत्ता एकाच रांगेत उभे आहेत. पोलिसांच्या खुर्चीवर आपल्याला ‘सेल्वी’चा निकाल वाचवतो. ॲपच्या ‘आय ॲग्री’वर मात्र आपण स्वतःच बोट ठेवतो. आता नुसतं मत मागायला आलेला एखादा मॅनेजर ‘तुमच्या टीमचा मूड’ असा आलेख उघडून बसला, तर त्या आलेखाला कोण काय उत्तर देणार?

म्हणून टोकियोच्या त्या जुन्या प्रयोगाकडे पुन्हा पाहावंसं वाटतं. शरीराचं मोजमाप चॅटमध्ये आणायला हरकत नाही. दूर राहणाऱ्या आईच्या मनगटावर लेकीचे ठोके वाजले तर त्यात वाईट काय? अट इतकीच की पाठवायचं की नाही हे लेकीनं ठरवावं, त्याचं नाव काय ते तिनंच द्यावं, आणि मधे तिसऱ्यानं ऐकू नये. यंत्र फार तर विचारू शकतं, ‘काहीतरी आहे का?’ युंगची सुई तेवढंच विचारायची.

आणि ‘ठीक आहे’चं काय? त्या दोन शब्दांमागे कधीकधी खरंच काही लपवलेलं असतं. चॅटनं आपल्याला दिलेली ती एक छोटीशी सोय आहे : तोंडावर पांघरूण ओढून घेण्याची. समोरच्याचं पांघरूण ओढून काढायचं यंत्र आज ना उद्या आपल्या खिशात येईलही. तोवर, आणि त्यानंतरही, एक जुना उपाय शाबूत आहे. फोन लावायचा आणि विचारायचं, ‘काय झालंय?’ सांगावंसं वाटलं तर ती व्यक्ती सांगेल. नाही सांगितलं, तर तेही उत्तरच आहे.